नदी सर्वांची, वल्हे मूठभरांचे

मुळा आणि मुठा यांच्या संगमाकाठी वसलेल्या पुणे शहरात वल्ह्याची परंपरा नवी नाही. बंडगार्डनच्या बाजूस रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासून उभा आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची रेगाटा पाहण्यास पुणेकर पिढ्यान् पिढ्या जमत आले आहेत. परंतु काठावर जमणे वेगळे आणि पाण्यात उतरणे वेगळे. क्लबाचा सभासद, त्या महाविद्यालयाचा विद्यार्थी किंवा सैन्यातील जवान यांखेरीज इतर नागरिकाने वल्हे हाती धरावयाचे म्हटले, तर ते कोठे धरावे, याचे समाधानकारक उत्तर शहराजवळ नाही. निवृत्त शिक्षक, गृहिणी, शाळकरी मुलगी, पायाने अधू असलेला तरुण, या सर्वांच्या दृष्टीने नदी ही पुलावरून पाहावयाची वस्तू होऊन बसली आहे.

नौकानयन हा श्रीमंतांचा षौक होय, असा समज रूढ आहे. तो खोटा ठरविण्यास दत्तू भोकनळ यांचे उदाहरण पुरेसे आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या अवर्षणग्रस्त गावी वडिलांबरोबर विहिरी खणण्याचे काम केलेला हा तरुण २०१२ साली सैन्यात गेला. वल्हे त्याच्या हाती आले ते तेथेच. चारच वर्षांनी रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. सैन्याने संधी दिली म्हणून एक दत्तू आपणांस दिसला. संधीअभावी जे दिसलेच नाहीत, त्यांची गणती कोणी करावी?

शिवाय पाणी माणसाचा भार आपण होऊन उचलते. ज्याचे पाय चालत नाहीत, त्यास धावपट्टी परकी वाटेल. नौका परकी असण्याचे कारण नाही. स्पर्धेच्या नौकेत सरकत्या आसनामुळे पायांचा मोठा जोर लागतो, हे खरे. पण आसन स्थिर केले, पाठीस आधार दिला आणि दोन्ही अंगांस तरंगते आधार जोडले, की केवळ खांद्यांच्या व बाहूंच्या बळावर नौका चालते. अंध वल्हेकऱ्यास सुकाणू धरणाऱ्याचा शब्द पुरतो. २००८ पासून पॅरालिंपिकमध्ये या खेळास स्थान आहे. २०२४ साली पॅरिस येथे सुरुंगस्फोटात पाय गमावलेले जवान नारायण कोंगनपल्ले आणि त्यांच्या सहकारी अनिता यांनी आठवा क्रमांक मिळविला. त्यांचा सराव याच शहरातील सैनिकी केंद्रात झाला, हे किती पुणेकरांस ठाऊक आहे?

येथे कोणी म्हणेल, पाण्याशी खेळ नको. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या जलाशयात वादळात बोट उलटून सहा जीव गेले, ही आठवण विसरण्याजोगी नाही. परंतु त्यापासून घ्यावयाचा धडा पाण्याकडे पाठ फिरविण्याचा नव्हे. प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट, ठरावीक संख्येहून अधिक माणसे न घेणे, वाऱ्याचा रंग पाहून किनारा न सोडणे आणि हाताशी सज्ज अशी मदतीची होडी, ही शिस्त ज्या समाजाने नित्य गिरविली, तोच पाण्यात सुरक्षित राहतो.

मुख्य अडसर आहे तो नदीच्या अवस्थेचा. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या कर्जसाहाय्याचा करार २०१६ साली झाला. योजना सुमारे ९९० कोटींची. त्यानंतरही जलपर्णीचा हिरवा गालिचा आणि सांडपाण्याचा दर्प नागरिकांच्या वाट्यास येतच राहिला. काठ सुशोभित करण्याचा उत्साह पालिकेने अवश्य दाखवावा. पण पाणीच स्पर्शास योग्य नसेल, तर घाट बांधून त्यावर बसावयाचे ते नाक दाबूनच!

आमची मागणी मोठी नाही. पालिकेने एखादा स्वच्छ जलभाग निवडावा, चाकाच्या खुर्चीसह उतरता येईल असा धक्का बांधावा, चार रुंद बुडाच्या स्थिर होड्या आणि एक जाणता शिक्षक ठेवावा. क्लबांनी व महाविद्यालयांनी आठवड्यातील एक सकाळ आपले दरवाजे सर्वांसाठी उघडावेत. ज्या दिवशी नातवंड आणि आजोबा एकाच होडीत वल्हे मारतील, त्या दिवशी नदीत घाण सोडणाऱ्यास जाब विचारणारे नागरिकही शहरात आपोआप वाढलेले असतील. नदीचे खरे रक्षण तिच्याशी रोजचा संबंध असलेली माणसेच करतात.