फळाला गारवा, माणसाला फुफाटा

न्हावाशेवाच्या यार्डात रात्री दोन वाजता कंटेनरचं दार उघडलं की आतून हिवाळा अंगावर येतो. बाहेर मे महिना, आत पाच-सहा अंश. आम्ही आठ जण घामाने निथळत त्या गारठ्यात शिरतो, खोकी बाहेर काढतो. मुकादम ओरडतो, "हळू रे भडव्यांनो, आपटू नका, फळ दुखतं!"

फळ दुखतं! माझ्या बापाने जन्मभर गोणी वाहिल्या. त्याची पाठ दुखते हे एकाही मुकादमाच्या ध्यानात आलं नाही.

खोक्यात अवोकॅडो असतात. टांझानियाचे. किलिमांजारोच्या उतारावर, न्जोंबेच्या थंड डोंगरात होणारं हे फळ. झाडावर ते मऊ पडतच नाही. कडक असताना तोडतात, गारठ्यात झोपवून समुद्र पार करवतात आणि ते मऊ होतं ते गिऱ्हाइकाच्या घरी. तिथून पुढे वाशीचा बाजार, मग काचेची दुकानं, मग पावावर फासून फोटो काढणारी पांढरपेशी बोटं.

मी वसमत तालुक्यातला, जिल्हा हिंगोली. मार लागलेली दोन फळं फेकणार होते, ती गावी नेली. मायने उलटंपालटं करून बघितलं. "हे खायाचं व्हय रे? ना गोड ना आंबट. मीठ आन् ठेचा दे बरं." भाकरीसंगं खाल्लं. मग विचारलं, "केवढ्याला?" म्हणलं, मुंबईत दोनशेला एक. माय हळदीच्या रानात रोजाने जाते, तीनशे रुपये. तिने शाळा बघितलेली नाही, पण हिशेब तिचा पक्का. म्हणाली, "म्हंजी मह्या दिसाचे दीड."

दोस्तहो, माझ्या मायचा अख्खा दिवस म्हणजे दीड अवोकॅडो. रोजगार हमीचा २०२५-२६ चा सरकारी दरही ३१२ रुपयेच होता. म्हणजे सरकारच्या तराजूतही आम्ही दीडच.

आता आपल्यातलेच काही दोस्त चवताळून म्हणतील, टाका बहिष्कार या परदेशी फळावर! च्यायला, जे विकत घेण्याची ऐपत नाही त्याच्यावर बहिष्कार कसला? आणि हे स्वदेशीचं गाणं आपलं नव्हे. गावातला मालक स्वदेशीच होता, त्याचा पाणवठाही स्वदेशी होता. त्यातलं पाणी आमच्या आज्याला मिळालं का?

अवोकॅडो आमच्याकडे होत नाही हे खरं. कूर्ग, कोडाईकनाल, सिक्कीमकडे थोडं होतं. हिंगोलीच्या काळ्या मातीत पाणी तुंबलं की त्याच्या मुळ्या कुजतात आणि वैशाखात ते करपतं. ज्याच्याकडे विहीर, ठिबक आणि बँक आहे तो हौसेने लावून बघेल. बाकीच्यांच्या रानात होत नाही ते बाहेरून आलं तर त्यात पाप नाही. माझं भांडण फळाशी नाही.

माझं भांडण शेजारच्या कंटेनरपासून सुरू होतं. त्यात तूर असते. मोझांबिकची, टांझानियाची. तिकडे तिला म्बाझी म्हणतात. ही तूर तर आमच्या रानात होते! तरी येते. २०१६ मध्ये दिल्लीने मोझांबिकशी करार केला, पहिल्या वर्षी १ लाख टन, वाढवत २०२०-२१ पर्यंत २ लाख टन. त्याच हंगामात महाराष्ट्रात तूर उदंड झाली. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये, पण बाजार त्याच्या खाली कोसळला आणि २०१७ च्या उन्हाळ्यात शेतकरी खरेदी केंद्रापुढे बारदान्याची वाट बघत रांगेत बसले. मग ऑगस्टमध्ये दिल्लीने आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. धाडकन तिकडचा भाव पडला. आमच्यासारखाच काळा, आमच्यासारखाच उघडा आफ्रिकेतला शेतकरी बुडाला. दार उघडलं तेव्हा मराठवाडा मेला, दार लावलं तेव्हा आफ्रिका मेली. दाराशी बसलेला व्यापारी दोन्ही वेळा जगला. २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली. २०२५ च्या सुरुवातीला हमीभाव ७,५५० होता आणि बाजार पुन्हा त्याच्या खाली.

यात माझी माय कुठे आहे? बागायतदार कलेक्टर कचेरीसमोर हमीभावासाठी छाती पिटतो. त्याची मागणी खोटी नाही. पण संध्याकाळी घरी येऊन तो काय म्हणतो? "तुरीला भाव नाही, रोज पन्नासने कमी." मोझांबिकचा करार, दिल्लीचं फर्मान, आडत्याचा तराजू, सगळ्यांचा भार उतरत उतरत शेवटी त्या बाईच्या पदरात पडतो जिच्या नावावर वीतभर जमीन नाही. मालाला हमीभाव कागदावर तरी आहे. हिच्या घामाच्या हमीभावासाठी कुठला मालक मोर्चा काढतो?

बाबासाहेबांनी १९१८ सालीच लिहून ठेवलं की शेतीवरचा हा भार कारखानदारीशिवाय हलका होणार नाही. आम्ही ऐकलं, शहरात आलो. इथे काय मिळालं? १९४८ च्या कायद्याने गोदी कामगाराला नोंद मिळण्याची वाट खुली झाली, १९६९ च्या कायद्याने माथाड्याला मंडळ मिळालं. आम्हाला मिळाली ठेकेदाराची वही. त्यात पेन्सिलने लिहिलेली आमची नावं. अवोकॅडोच्या खोक्याला मात्र पक्का छापील नंबर.

तेव्हा मला फळाचा गारवा काढून घ्यायचा नाही. मला तो माणसासाठी मागायचा आहे. वहीत शाईने नाव पाहिजे. गावात बाईला पुरुषाएवढा रोज पाहिजे, आणि तुरीचा भाव पडला म्हणून तो कमी होता कामा नये. आणि गोदीतल्या पोराने आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला दुश्मन समजू नये.

अर्ज करून हे मिळणार नाही. पण त्या गारव्याने मला एक गोष्ट शिकवली. कंटेनरचं दार उघडं राहिलं की थंडी पळते, आणि थंडी पळाली की शेटजीचा माल कुजायला लागतो. गेल्या महिन्यात एका रात्री मुकादम फळासाठी ओरडला तेव्हा आम्ही आठही जणांनी खोकी खाली ठेवली. शिवी नाही, घोषणा नाही. नुसते उभे राहिलो. दार सताड उघडं.

वीस मिनिटांत हातमोजे आले.

तासभर उभे राहिलो तर काय काय येईल, करा हिशेब.