शत्रूचा कागद आपल्या खिशात

दोस्तांनो, यावेळचं संपादकीय पपईवर आहे. हसा. हसून झालं की वाचा.

हवाई बेटांवर पुना नावाचा भाग आहे. तिथल्या राज्याची जवळजवळ सगळी पपई तिथंच पिकायची. मळेवाल्यांत फिलिपिन्सहून पोटासाठी आलेले पुष्कळ. १९९२ साली तिथं रिंगस्पॉट व्हायरस घुसला. मावा या झाडावरून त्या झाडावर रोग टोचत फिरला. पानं आकसली, फळांवर वर्तुळं उठली, बागा खलास. १९९८ पर्यंत उत्पन्न निम्म्यावर आलं.

डेनिस गोन्साल्विस तिथलाच, उसाच्या मळ्यावर वाढलेला. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी व्हायरसच्या कवचाचं जनुक पपईतच घातलं. काम विद्यापीठांचं आणि सरकारी खात्याचं. १९९८ साली ‘रेनबो’ पपईचं बी शेतकऱ्यांना फुकट वाटलं. बागा पुन्हा उभ्या राहिल्या.

झाड वाचलं कसं? आधी वाटलं, कवचाचं प्रथिन व्हायरसला आडवं येतं. पण अमेरिकेतल्या लिंडबो आणि डॉअर्टी यांनी तंबाखूत असं जनुक घातलं की ज्यातून प्रथिन बनतच नाही. तरी तंबाखू वाचली! म्हणजे खेळ आरएनएचा होता. पेशी त्या आरएनएचे वीस-पंचवीस अक्षरांचे तुकडे करते आणि जपून ठेवते. व्हायरस आला की तुकडा जुळवून बघते. जुळला की कापला. हे तुकडे हॅमिल्टन आणि बोलकोम यांनी १९९९ साली झाडांत शोधून काढले. याला म्हणतात जनुक गप्प करणं.

शत्रूचा मजकूर झाडाच्या खिशात आहे, म्हणून झाड जगतं. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षराला शिवू दिलं नाही, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता काही शहाणे ओरडतात, हे निसर्गाच्या विरुद्ध आहे. निसर्गाचं नाव आम्हाला सांगू नका. याच नावानं आम्हाला गावकुसाबाहेर बसवलं. जे नवं बी येईल ते तपासा, कसून तपासा. पण शुद्ध-अशुद्धाचा सोवळा बाजार पपईवर मांडू नका.

आमचा सवाल दुसराच आहे. बी कुणाच्या मालकीचं? आपल्याकडं २००२ साली बीटी कापूस आला तो कंपनीची रॉयल्टी घेऊनच. हवाईत बी फुकट मिळालं, कारण त्यामागं लोकांचा पैसा होता. आणि जुळणी नेमकी लागते. हवाईच्या व्हायरसला पुरून उरणारी रेनबो तैवान, थायलंडच्या व्हायरसपुढं हरली. म्हणजे नंदुरबार-जळगावच्या पपईवरचा रिंगस्पॉट इथंच वाचावा लागेल. परक्याची पुडी फोडून भागणार नाही.

व्हायरसही साला गप्प बसत नाही. झाडाची कात्री बोथट करणारं प्रथिन तो स्वतःच बनवतो. व्यवस्थेचंही तसंच. आपण एक डाव शिकलो की ती दुसरा काढते.

१९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, ते आर्ट्स आणि सायन्स दोन्हींचं. कविता आपण लिहितोच, लिहिणारच. पण बीएस्सीच्या बाकावर बसलेल्या पोरापोरींनो, प्रयोगशाळेच्या दारात झाडू घेऊन आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. शत्रूची लिपी वाचा. कात्री आपल्या हातात घ्या.