वाद्याविना दुःख

इंग्रजी गाणे म्हटले की गिटार, ड्रम आणि कानठळ्या बसविणारा गोंगाट, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. परंतु त्याच इंग्लंडात गाण्याची दुसरीही एक रीत आहे. गाणारा एकटा, साथीला वाद्य नाही, असलेच तर एखादे. गाण्यात समुद्रात बुडालेला खलाशी असतो, फसविली गेलेली मुलगी असते, प्रियकराच्याच हातून झालेला खून असतो. एवढे काळोखे गाणे लोक पुन्हा पुन्हा का ऐकतात, असा प्रश्न आम्हांस पडला. गाणारी माणसे कोण होती, हे पाहिल्यावर त्याचा उलगडा झाला.

नॉरफोक परगण्यातील हॅरी कॉक्स (१८८५-१९७१) हे शेतमजूर होते. ते जी गाणी गात, त्यांत 'व्हॅन डीमन्स लँड' हे एक होते. हे टास्मानिया बेटाचे जुने नाव. १८२८ च्या कायद्याप्रमाणे, रात्री दुसऱ्याच्या रानात शिरून ससे-पाखरे मारल्याचा गुन्हा तिसऱ्यांदा शाबीत झाला, तर सात वर्षे समुद्रापार हद्दपारी होऊ शके. अशा हद्दपार माणसांचे हे गाणे. कॉक्स ते गाताना रडत नाहीत, आवाज चढवीत नाहीत. खतावणीत नोंद करावी तसे एकेक कडवे मांडत जातात. संताप येतो तो ऐकणाऱ्याला.

आमच्या मते या गाण्याची सारी ओढ येथेच आहे. सिनेमाच्या गाण्यात कोठे डोळे पुसायचे ते व्हायोलिनच सांगते. येथे सांगणारे कोणी नाही. गाणारा फक्त घडले ते सांगतो आणि दुःख ओळखण्याचे काम आपल्यावर सोपवितो. ऐकणाऱ्याचा याहून मोठा मान कोणता?

शिकलेल्या मंडळींना मात्र हा साधेपणा उघडा वाटला. १९०३ साली सॉमरसेटमधील हॅम्ब्रिज गावी जॉन इंग्लंड नावाचा माळी काम करता करता गात होता. सेसिल शार्प यांनी ते गाणे टिपून घेतले आणि त्याच संध्याकाळी पियानोच्या साथीवर ते मेजवानीत गायले गेले. पुढे शार्प यांनी छापलेल्या संग्रहांत गाण्यांना पियानोची साथ जोडली गेली, काही ठिकाणी 'असभ्य' वाटलेले शब्दही बदलले गेले. शार्प यांच्यामुळे हजारो गाणी वाचली, हे उपकार मोठेच. पण कष्टकऱ्याचे गाणे वाचविताना त्याला आपला कोट चढविण्याची गरज होती काय?

हा कोट उतरविणाऱ्यांत शर्ली कॉलिन्स यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. १९३५ साली ससेक्समध्ये त्यांचा जन्म झाला. महायुद्धात बॉम्ब पडत असताना आजी-आजोबांच्या तोंडून त्यांनी जुनी गाणी ऐकली. गाणाऱ्याने गाण्याच्या आड येऊ नये, हे त्यांचे धोरण. बहीण डॉली छोट्या पाइप ऑर्गनवर मोजकीच साथ करी. १९७० साली निघालेल्या 'लव्ह, डेथ अँड द लेडी' या तबकडीत ही रीत ऐकावयास मिळते. पुढे शर्लीबाईंचा आवाजच गेला. त्यानंतरही, १९७८ च्या तबकडीनंतर तब्बल अडतीस वर्षांनी, २०१६ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांनी 'लोडस्टार' काढली. ती त्यांच्या राहत्या घरीच ध्वनिमुद्रित झाली. आवाज खाली उतरलेला आहे, पण तो लपविण्याचा प्रयत्न कोठेही नाही.

वाचकहो, ही गाणी आज मोबाईलवरही ऐकता येतात. घरात इंग्रजी शिकणारी मुले असतील तर त्यांना जवळ बसवा, कडव्यांचा अर्थ त्यांच्याकडून समजून घ्या. आणि त्यांना आवर्जून सांगा, की ही गाणी जपली ती शेतात राबणाऱ्या, बागेत खुरपणाऱ्या माणसांनी.