पाणी आपलं, वरचा काठ कुणाचा?

१२ जुलै जवळ आली की आमच्या नारायण पेठेत पानशेतच्या आठवणी निघतात. १९६१ साली मातीचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पाणी कुठवर चढलं होतं, ते जुनी माणसं आजही हाताने दाखवतात. आठवण ठेवायलाच हवी. पण त्या आठवणीत धरणाच्या वरच्या अंगाची माणसं कधीच नसतात.

मागच्या पावसाळ्यात बातमीसाठी पानशेतच्या फुगवट्याकाठी एका वाडीवर गेलो होतो. सुनेचे दिवस भरत आले म्हणून एका आजीने तिला महिनाभर आधीच धायरीला पाहुण्यांकडे धाडलं होतं. मला म्हणाली, "दादा, रातीचं पोटात दुखाय लागलं आन् दरड आली, तर कुठनं न्यायची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कॅनडात अथाबास्का तळ्याकाठी फोर्ट चिपेवयान नावाचं गाव आहे. १७८८ मध्ये एका कंपनीने फरच्या व्यापारासाठी ते ठाणं वसवलं. तिकडच्या बीव्हरच्या फरपासून युरोपात टोप्या व्हायच्या. कंपनी गेली, टोप्यांची फॅशन गेली, माणसं तिथेच राहिली. आजही बारमाही रस्ता नाही. थंडीत गोठलेल्या वाटेने जायचं, एरवी बोट नाहीतर विमान. मोठ्या बाजाराची गरज भागली की तळ्याकाठच्यांचा विसर पडतो, हे तिकडेही तसंच.

फरक एवढाच, की तिकडे गाव तळ्याकाठी वसवलं आणि आपल्याकडे तळंच गावावर आलं. काही कुटुंबं दौंडकडे गेली, काही डोंगराच्या अंगाला वर सरकली. आणि आपला बाजार अजून उठलेला नाही, रोज सकाळी नळाला येतोच की!

पानशेत १०.६५ टीएमसी, वरसगाव १२.८२ टीएमसी. हे आकडे पुणेकराला तोंडपाठ. कालवा सल्लागार समितीत शहराला किती आणि शेतीला किती, यावर भांडण ठरलेलं. भांडा, हरकत नाही. पण त्याच बैठकीत काठावरच्या वाड्यांचा एक विषय घ्या. पावसाआधी रस्ता, चालू अवस्थेतली लाँच, लाइफ जॅकेटं आणि रात्री येणारी ॲम्ब्युलन्स. खर्चासाठी आपल्या पाणीपट्टीतला थोडा वाटा बाजूला काढा.

"चार घरांसाठी एवढा खर्च?" असं कुणीतरी कमेंटमध्ये विचारणारच. त्यांना आधीच सांगतो, त्या चार घरांची भातखाचरं पाण्याखाली आहेत, म्हणून आपल्या चाळीस लाख लोकांच्या टाक्या भरतात. हा उपकार नाही, देणं आहे.

यंदा १२ जुलैला पुराच्या आठवणी सांगाल, तेव्हा त्या आजीचा प्रश्नही आपल्या नगरसेवकाच्या, आमदाराच्या कानावर घाला. उत्तर मिळालं तर मलाही कळवा. ते मला वाडीवर पोचवायचंय.