पांजण सुताची, भाकर माणसाची

गेल्या पंधरवड्यात आमच्या दप्तराच्या सूचनाफलकावर एक फर्मान झळकले. कार्यालयीन वेळेत खाद्यपदार्थ तयार करणे, गरम करणे किंवा आपल्या मेजावर बसून खाणे शिष्टाचारास धरून नाही, सबब त्यास सक्त मनाई करण्यात येत आहे, असा त्याचा मजकूर. खाली सही, शिक्का आणि तारीख. हे दप्तर कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण बऱ्हाणपुरातील कोणत्याही चार दप्तरांत ते खपून जाईल. निमित्त घडले ते मागल्या खोलीतील विजेच्या शेगडीचे. तिच्यावर दुपारी डबे गरम होत, क्वचित चहा होई, आणि त्या दिवशी रावेरकडून रोज रेल्वेने येणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याने वांग्याच्या भरताला तिच्यावरच लसणाची फोडणी दिली. फोडणी उत्तम साधली, एवढाच तिचा अपराध. तिचा दरवळ साहेबांच्या दालनाच्या दारावरील पडदा ओलांडून आत गेला आणि दुसऱ्या दिवशी फर्मान बाहेर आले.

खंडन करू पाहणाऱ्याने प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्याहूनही नेटके मांडावे, अशी आपल्या जुन्या शास्त्रकारांची शिस्त आहे, ती पाळतो. पूर्वपक्ष असा : ज्या वेळेचे वेतन घेतले ती वेळ धन्याची अगर सरकारची, तीत स्वतःच्या पोटाची व्यवस्था पाहणे ही अफरातफर, रांधणे हे घरचे काम, ते कचेरीत आणले की कचेरीची प्रतिष्ठा उणावते, अन्नाचा वास शेजाऱ्यावर लादला जातो आणि शेजाऱ्याला तर नाक मिटून बसण्याची सोय नाही, शेगडीने आग लागू शकते, आणि कामासाठी ताटकळणाऱ्या माणसासमोर तोंड हलवीत बसणे असभ्यपणाचे आहे. या पाच आक्षेपांपैकी शेवटले दोन मला मान्य आहेत, त्यांच्याकडे मागाहून येईन. पहिले तीन मात्र तोंडाने शिष्टाचाराची भाषा बोलतात आणि मनात निराळाच हिशेब मांडीत असतात.

प्रथम प्रतिष्ठेचे पाहू. ‘कारखाना’ हा शब्द आपण फारसीतून उचलला तेव्हा त्याच्या पोटात स्वयंपाकघर होतेच. शिवकालीन राज्यव्यवस्थेत जे अठरा कारखाने गणले जात, त्यांत तोफखाना, दारूखाना आणि पीलखाना यांच्या पंक्तीला मुदपाकखानाही बसत असे, आणि अरबीतल्या ‘मत्बख’ला आपल्या ‘पाका’ची जोड देऊन मराठीने तो शब्द असा मुरवला की तो परका वाटू नये. हा मुदपाकखाना राजवाड्याचा होता, घाम गाळणाराचा नव्हता, असे कोणी म्हणेल, तर ते खरे आहे. माझे म्हणणे एवढेच की, तोफांच्या शेजारी चूल मांडल्याने राज्याच्या इतमामाला बाध येतो, असे त्या काळच्या दरकदारांना वाटले नाही. ते वाटण्यासाठी आमच्या कचेरीतील फिरत्या खुर्चीवर बसावे लागते.

पण इतक्या मागे तरी कशाला जावे? बऱ्हाणपुरात आजही कामाच्या वेळेत, कामाच्याच जागी मोठ्या प्रमाणावर रांधले जाते; फक्त ते माणसासाठी नसते. ज्या गावाचे तलम कापड इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जात असल्याचे तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात लिहून ठेवले, त्या गावाचा संसार आता बव्हंशी यंत्रमागावर चालतो. आणि मागावर ताणा चढवण्यापूर्वी सुताला खळ द्यावी लागते, नाही तर ते घर्षणाने पिंजते आणि तुटते. ही खळ पिठाची, पाण्यात कालवून शिजवलेली. आजचे लोक या कामाला साइझिंग म्हणतात. हातमागाच्या काळात त्याला पांजण म्हणत. म्हणजे सुताला पेज मिळते, ती गरम मिळते, काम सुरू होण्याच्या आधी मिळते, आणि न मिळाल्यास काय होईल हे मालकाला तोंडपाठ असते. तिचा आंबूस दर्प भोवताली पसरतो, पण त्याची तक्रार घेऊन कोणी सूचनाफलकाकडे धावत नाही. तो धंद्याचा वास असतो.

वेळेच्या अफरातफरीचा आक्षेपही यंत्रमागांच्या गल्लीतच तपासून पाहावा. यंत्रमागाची पाळी बहुधा बारा तासांची, मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर, आणि एका माणसाच्या नजरेखाली एकाहून अधिक माग. अशा माणसाने जेवणासाठी माग थांबवला तर आधी बुडते ते त्याचेच. म्हणून तो थांबवीत नाही. मागांच्या मधल्या बोळात तो उकिडवा बसतो, रुमालाची गाठ सोडतो, भाकरीवर वर्तमानपत्राचा कागद धरतो, कारण हवेत तरंगणारी रुई कालवणावर सायीसारखी धरते. दोन घास होतात न होतात तोच धोट्यातली कांडी संपते किंवा ताण्याची तार तुटते, आणि खरकटा हात लुंगीला पुसून तो उठतो. परत येतो तेव्हा भाकर वातड झालेली असते. हे दृश्य पाहून या मनुष्यास जेवण्याची रीत ठाऊक नाही असे जो म्हणेल, त्याने आपल्या डोळ्यांचा इलाज करून घ्यावा.

कायदा या बाबतीत आमच्या फर्मानापेक्षा पुष्कळ शहाणा होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने २५० हून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह आणि १५० हून अधिक असतील तेथे जेवणाची खोली सांगितली, आणि सलग ५ तासांहून अधिक काम न घेता मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असे बजावले. त्यातील ४७ व्या कलमाचे एक परंतुक मला फार मार्मिक वाटते : जेथे जेवणाची खोली आहे, तेथे कामगाराने कामाच्या खोलीत अन्न खाऊ नये. मनाई त्यातही आहे. पण ती खोलीच्या मागून येते. आधी जागा, मग निर्बंध, हा क्रम त्या मसुदा करणाऱ्यांना सुचला, आणि आमच्याकडे निर्बंध तेवढा उतरवून घेताना जागा नकलेतून गळाली.

अर्थात कायद्याच्या शहाणपणालाही कुंपण होते. लालबागेतील १९०६ सालची ताप्ती मिल काय किंवा १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेला नेपानगरचा कागद कारखाना काय, असल्या थोरल्या आस्थापनांसाठी ही कलमे लिहिलेली. दहांहून कमी माणसांची मागांची पडवी त्या व्याख्येत कारखानाच ठरत नसे. २०२० च्या नव्या संहितेने उपाहारगृहाची मर्यादा १०० कामगारांवर आणली, ही चांगली गोष्ट झाली. त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० माणसांवरून २० वर नेली, म्हणजे एका हाताने पान वाढले आणि दुसऱ्या हाताने पाट ओढून घेतला. आणि सरकारचे स्वतःचे घर तरी काय सांगते? बऱ्हाणपूर ज्या भुसावळ-इटारसी मार्गावर आहे, त्यासारख्या मार्गांवरून रात्रंदिवस गाड्या हाकणारे चालक जेवणासाठी आणि देहधर्मासाठी नियमाने विराम मागत आले. २०२५ साली रेल्वे बोर्डाने ते व्यवहार्य नसल्याचा निर्वाळा दिला. ज्यास उतरता येत नाही त्याने इंजिनात डबा उघडला, तर त्याला शिष्टाचाराचे कोणते कलम लावायचे?

आता वास. मी कबूल करतो की हा आक्षेप सर्वांत चिवट आहे, कारण नाकाशी वाद घालता येत नाही. पण कोणाचे नाक, हा प्रश्न विचारता येतो. साहेबांच्या दालनात समोसे येतात, मावा-जिलबीचा पुडा उघडतो, तेव्हा त्या तळणाचा वास आमच्यापर्यंत पोचतोच. त्याला पाहुणचार म्हणतात. लसणाची फोडणी, सुकटाची चटणी, रश्श्यातले खडे मसाले यांना मात्र दुर्गंधीचे दाखले लागतात. चेन्नईच्या ‘द हिंदू’सारख्या थोर वृत्तपत्राने २०१४ साली आपल्या उपाहारगृहात मांसाहारी डबा आणण्यास बंदी करणारी सूचना काढली, तेव्हा कारण दिले ते बहुसंख्य शाकाहारी मंडळींच्या गैरसोयीचे. बहुसंख्यांचे नाक हे इतरांच्या ताटावरचे अंमलदार झाले की शिष्टाचार संपतो आणि सोवळे सुरू होते.

‘सोवळे’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरला नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाईखात्याची मजुरी अधिक होती आणि त्या खात्याचे दार अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होते. कारण असे सांगत की, धोट्यात नवी कांडी घातली म्हणजे सुताचे टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागते, आणि ज्या धोट्याला त्यांचे ओठ लागले त्याला आम्ही ओठ लावणार नाही, असा इतर विणकरांचा हट्ट. पाण्याचे माठही वेगळे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा मालकाशी समतेसाठी झगडणाऱ्यांचीच पंचाईत झाली. कामाच्या जागी कोणाच्या तोंडाला काय लागते, यावर एका समाजाची भाकर अडवून धरलेली होती. आणि ती अडवणाऱ्यांपैकी प्रत्येक जण, विचारले असते तर, आपण केवळ स्वच्छता आणि रीतभात पाळतो असेच म्हणाला असता. म्हणून डब्यातल्या अन्नाबद्दल काढलेले फर्मान वाचताना, त्यात कोणाचे नाव लिहिलेले नाही एवढ्यावर माझे समाधान होत नाही.

राहिलेल्या दोन आक्षेपांचे मी आरंभीच वचन दिले होते. आगीची भीती खरी आहे. जेथे कोपऱ्याकोपऱ्यात रुईचे पुंजके साठतात, जेथे कपाटांच्या माथ्यावर चाळीस वर्षांचे बस्ते रचलेले असतात, तेथे उघड्या तारेची शेगडी ठेवणे हा निव्वळ अविचार. आमची ती शेगडी, तिच्या फोडणीची मी इतकी वकिली केली तरी, तेथून हलवावी असेच माझे मत आहे. तसेच, खकनारच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरून पहाटे निघालेला मनुष्य सातबारासाठी, किंवा इकडच्या भाषेत खसऱ्याच्या नकलेसाठी, खिडकीशी उभा असावा आणि आत ‘भोजनावकाश’ एकला सुरू होऊन तीनलाही संपू नये, याचे समर्थन कोणताही भाकरीचा कैवारी करू शकणार नाही. तो मनुष्यही उपाशीच असतो, ही गोष्ट आमच्या जातभाईंच्या सहसा लक्षात येत नाही. पण या दोन्ही आक्षेपांतून निघते ते वेगळ्या खोलीचे आणि ठरलेल्या वेळेचे कलम. शेगडीवर बंदीचे नव्हे.

मग माझे मंडन काय? खोली द्या, तीत नळ द्या, भिंतीपासून दूर बसवलेली सुरक्षित शेगडी द्या, आणि अर्धा तास द्या. मग मेजावर खाण्यास खुशाल मनाई करा, मी स्वतः त्या फर्मानाची सुवाच्य नक्कल करून देईन. वेळ खिडकीवर लिहा आणि ती संपताच खिडकी उघडा. जेवणाऱ्याला फाइलीसाठी हाक मारू नये. शेतावर भाकर खायला बसलेल्या सालदाराला धनीही उठवीत नाही, एवढी तमीज खानदेशात अडाण्यालाही असते. दुसऱ्याच्या डब्यात डोकावून ‘हे काय आणलेत?’ असे विचारू नये, आणि त्याने ‘घ्या थोडे’ म्हटले तर घेणे न घेणे आपल्या खुशीवर ठेवावे. ज्याने भांडे वापरले त्यानेच ते विसळावे. या विसळण्यासाठी शिपाई हा अपवादाने गृहीत धरला जातो आणि स्त्री कर्मचारी तर नियमानेच. बैठक लांबली की चहाचे पाहा म्हणून नजर वळते ती खोलीतल्या एकुलत्या एका बाईंकडे, मग त्या हुद्द्याने सर्वांत वरिष्ठ का असेनात. रांधणे कचेरीच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असे म्हणणारेच गृहस्थ ही नजर वळवण्यात पुढे असतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

रमजानच्या महिन्यात आमच्याकडे याहून सुंदर शिष्टाचार पाळला जातो आणि त्याला कोणाच्या सहीशिक्क्याची गरज पडत नाही. शेजारच्या मेजावर रोजा असतो, म्हणून बाकीचे आपले डबे उचलून गच्चीच्या जिन्यात जाऊन बसतात. आणि संध्याकाळी तोच शेजारी खजुराचे दोन दाणे आमच्या मेजावर ठेवून घराकडे निघतो. कोणी कोणाला नियम दाखवीत नाही.

खर्चाचे रडगाणे उरते. लहान मालकाला प्रत्येक पडवीमागे खोली परवडत नाही, हे मला समजते. पण अनेक मालकांचे ताणे जर एकाच साइझिंगवाल्याकडे जाऊ शकतात, तर गल्लीतल्या सर्व पडव्यांची मिळून एक जेवणाची खोली का होऊ नये, हे समजत नाही. अब्दुर्रहीम खानखानानाच्या अमदानीत, १६१५ साली, डोंगरातून झिरपणारे पाणी भुयाराने आणि कुंड्यांच्या रांगेने खेळवीत ज्या शहराने घरोघर पोचवले, आणि तो कुंडी भंडारा आजही आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो, त्या शहराला वीस मजुरांच्या हात धुण्यापुरता नळ अवघड वाटावा! हातभर रुंदीचे आमचे बऱ्हाणपुरी मांडे फौजेच्या पोटासाठी निघाले असे येथे सांगतात. खरेखोटे सांगणारे जाणोत. मजुराच्या वाट्याला मात्र कल्याणाच्या योजनांतले मनातले मांडेच तेवढे आले.

फर्मान अजून फलकावर आहे. टाचण्या संपल्या होत्या म्हणून शिपायाने ते चिकटवले, आणि डिंकाची बाटली वाळलेली निघाली म्हणून त्याने कपाटातून वाटीभर मैदा काढून, कचेरीच्या भर वेळेत, मागल्या खोलीतल्या त्याच शेगडीवर खळ शिजवली. चांगली दाट झाली होती. कागदाचा एकही कोपरा अद्याप सुटलेला नाही.