लायलॅक की निळी?



मांजराच्या रंगाविषयी या सदरात लिहावे लागेल असे कधी वाटले नव्हते. परंतु भुसार मालाचा व्यापार करणाऱ्या एका परिचित कुटुंबातील नातवाने गेल्या वर्षी ब्रिटिश शॉर्टहेअर जातीचे पिल्लू विकत घेतले आणि 'लायलॅक' हा दुर्मीळ रंग म्हणून नेहमीपेक्षा बरीच अधिक किंमत मोजली. मित्राकडे लायलॅक बोका होता. दोघेही लायलॅक, तेव्हा पिल्लेही लायलॅकच होणार, असा हिशेब मांडून त्याने दोघांकडून विसारही घेतला. पुढे एका पाहुण्याने सहज विचारले, "ही तर साधी करडी दिसते, नाही का?" दुसऱ्याच दिवशी आजोबा कागदपत्रांची फाईल आणि टोपलीतील मांजरी घेऊन माझ्याकडे आले. बँकेत जन्मभर कागद तपासलेल्या माणसाने मांजरीही तपासावी, असा त्यांचा आग्रह होता.

मांजरांच्या व्यवहारात 'ब्लू' म्हणजे आकाशाचा निळा नव्हे, तर पाटीच्या दगडाचा करडा. लायलॅक म्हणजे त्याहून फिका, किंचित गुलाबी झाक असलेला करडा. आपल्या लेश्याविचारात नील आणि कापोत या दोन भिन्न मानल्या आहेत. लायलॅकला मी मनोमन कापोत म्हणतो. नुसत्या नजरेने मात्र या दोन रंगांत भल्याभल्यांची फसगत होते.

याचे कारण असे की, हा रंग दोन स्वतंत्र खात्यांवर अवलंबून असतो. पहिल्या जनुकामुळे केसातील रंगद्रव्य काळे होते किंवा चॉकलेटी. दुसऱ्या जनुकामुळे तो रंग गडद राहतो किंवा फिका पडतो. फिक्या रंगात रंगद्रव्य कमी झालेले नसते. त्याचे कण केसात सारखे न पसरता गुठळ्या करून राहतात, त्यामुळे केस फिकट दिसतो. काळा फिका झाला की ब्लू, चॉकलेटी फिका झाला की लायलॅक. चॉकलेटी आणि फिकेपणा हे दोन्ही गुण सुप्त असल्याने पिल्लाला ते आई आणि बाप या दोघांकडूनही मिळावे लागतात. एकाही बाजूची नोंद कमी पडली, तर लायलॅक होत नाही.

पारखताना प्रथम उजेड पाहावा. साडी घेणारी गृहिणी ती दुकानाच्या दाराशी नेऊन पाहते, ते उगीच नव्हे. ट्यूबलाइटखाली दोन्ही करडे एकच वाटतात. मग नाकाचे टोक आणि पंजाच्या गाद्या पाहाव्यात. ब्लू मांजरीच्या गाद्या पाटीसारख्या करड्या, लायलॅकच्या गुलाबी-जांभळट. अशीच गल्लत क्रीम आणि फॉन या रंगांत होते. तेथे कपाळ पाहावे. पट्टे लपविणारे जनुक लाल वर्गाच्या रंगद्रव्यावर चालत नाही, म्हणून क्रीम मांजराच्या कपाळावर बहुधा अंधूक रेघा उरतात. काळा आणि स्मोक यांत संशय आला, तर केस फुंकरीने विलग करावेत. स्मोकचे मूळ पांढरे निघते. नावांचाही घोळ आहेच. बर्मीज जातीत ब्रिटनमध्ये ज्याला लायलॅक म्हणतात, त्यालाच अमेरिकेत प्लॅटिनम म्हणतात. एकाच धान्याला दोन बाजारांत दोन नावे असावीत, तसेच हे.

आमच्यापुढील मांजरीच्या गाद्या करड्या होत्या. तरीही तेवढ्यावर निकाल देणे मला प्रशस्त वाटेना. फाईल उलगडली. वंशावळीच्या मागे बापाचा जनुकीय चाचणीचा अहवाल टाचलेला होता. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन ही चाचणी करतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय अनुवंशशास्त्र प्रयोगशाळेत ती होते, तशी अन्यत्रही होते. अहवालात चॉकलेटच्या रकान्यात 'बी/बी', दोन्ही अक्षरे मोठ्या लिपीतील. म्हणजे त्या बापापाशी चॉकलेटचा अंशही नव्हता. त्याचे एकही अपत्य लायलॅक होणे शक्य नाही. विकणाऱ्याने स्वतःच जोडलेला हा कागद ना त्याने वाचला होता, ना घेणाऱ्याने. कर्जाच्या फायलींत मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की, लबाडीपेक्षा आळसाचाच संशय मला प्रथम येतो.

नातू म्हणाला, "आजोबा, बोका तर खरा लायलॅक आहे. होईलही एखादे पिल्लू तसे." शक्यता होती, कारण आईकडून चॉकलेटचा अंश मिळालेला असू शकतो. पण विसार 'सगळी लायलॅक' म्हणून घेतलेला होता. आजोबांनी त्याला तत्त्वार्थसूत्रातील अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांची आठवण दिली. त्यांतील शेवटचा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलासारखे दिसणारे हलके द्रव्य अस्सल म्हणून देणे. "तांदळात आपण हे केले नाही, मांजरात करायचे का?" एवढेच ते म्हणाले. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात धनासाठी प्राणी पोसण्याचा निषेध करताना मांजराचे नावच घेतले आहे, हे मी सांगितल्यावर नातू बराच वेळ काही बोलला नाही.

दोन्ही विसार त्याच आठवड्यात परत गेले. एकाने ब्लू पिल्लूही चालेल असे कळविले होते, त्यालाही नकार गेला. मांजरी आता पेढीवर आजोबांच्या गादीशेजारी झोपते. तिच्या प्रमाणपत्रावरील 'लायलॅक' या शब्दावर, वहीतील चूक दुरुस्त करावी तशी, एकच आडवी रेघ मारून आजोबांनी वर 'नील' लिहिले आहे, आणि शेजारी तारीख व सही.