फलटणचे वाक्य आणि कराडचा मांडव

नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांतून एकाची निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने राहू, असे यशवंतराव चव्हाण १९५५च्या अखेरीस फलटणला बोलले आणि मराठी मुलखात ‘सूर्याजी पिसाळ’, म्हणजे फितूर, ठरले. आजही त्यांच्या चारित्र्याचा निवाडा करणारे याच वाक्यापाशी येऊन थांबतात. माझ्या मते त्यांचे बोट चुकीच्या पानावर आहे.

आक्षेप हलका नाही, हे आधीच कबूल करतो. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत गोळीबारात माणसे मेली होती. चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर १९५६ साली केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला यशवंतराव द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. एकाने खुर्ची सोडली, दुसऱ्याला मिळाली. आणखी पुरावा कशाला हवा, असे आक्षेपक विचारतात.

पुरावा हवाच. खुर्ची मिळाली म्हणून ती मिळवण्यासाठीच ते बोलले, हे सिद्ध होत नाही. मनातला हेतू कुणालाच दिसत नाही. माणूस काय बोलला, कुणासमोर बोलला आणि त्याची झळ त्याने सोसली का, एवढेच आपण तपासू शकतो. लोक खवळलेले असताना, आपल्याच सातारच्या मातीत, यशवंतरावांनी आपले मत उघड सांगितले. १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे पानिपत झाले आणि कराडात ते स्वतः जेमतेम तरले. पुढे द्विभाषिक चालणार नाही हे दिल्लीच्या गळी उतरवण्यात त्यांचाच मोठा वाटा होता. लोक उठवले ते एसेम जोशी, आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे यांनी. पहिला मान त्यांच्या संयुक्त महाराष्ट्र समितीचाच. पण १ मे १९६०ला झालेल्या महाराष्ट्र राज्याचे दार आतून उघडणाऱ्याला द्रोही म्हणणे हा अन्याय आहे.

मग यशवंतराव निर्दोष? मुळीच नाही. २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी आली. मंत्रिमंडळाला ती दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. परराष्ट्रमंत्री यशवंतराव गप्प राहिले. त्याच वर्षाअखेर त्यांच्या कराडात साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष ते, अध्यक्ष दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायणांसाठी भर मांडवात प्रार्थना करायला लावली. ज्या माणसाने वीस वर्षांपूर्वी सगळ्या मराठी मुलखाचा रोष पत्करून आपले मत मांडले होते, त्याच्यापाशी या वेळी मांडायला मत उरले नव्हते. फलटणची निष्ठा पटो न पटो, ती विचारातून आलेली होती आणि तिची किंमत त्यांनी मोजली. १९७५ची निष्ठा केवळ पदाला चिकटून राहिली. त्यांच्यावर आरोपपत्र ठेवायचे तर ते या मौनाचे ठेवा.

दुर्गाबाई १९७६ साली तुरुंगात गेल्या. यशवंतराव मार्च १९७७पर्यंत मंत्रिमंडळात होते.